मोडलेला हात आणि मामाचं कपाळ

अमरावतीत गाडीवरून पडून माझा उजवा दंड मोडला, तेव्हा मामानं मला दवाखाना सोडून अंजनगावकडच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. मामानं मला दाबून धरलं, त्या माणसानं हात खेचला आणि अंड्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. मी गुरासारखी ओरडले. हाड वाकडंच जुळलं. शेवटी डॉक्टरांनी ते पुन्हा मोडलं आणि आत प्लेट टाकली.

त्यानंतर मामा रोज येऊन एकच सांगायचा, "मन चांगलं ठेव बाई, सारं बरं होते." इकडे माझा हात छातीच्या वर जात नव्हता. व्यायामात जीव जायचा, म्हणून मी तो सोडूनच दिला होता. एक दिवस तो पुन्हा तेच बोलला आणि माझं डोकं फिरलं. उशाचा तांब्या मी त्याच्या तोंडावर भिरकावला. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून शर्टावर गळू लागलं. तरी माझा राग शमला नाही. मी पेलाही उचलला.

मामानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं जखम दाबली आणि तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"कोन्ता हात हाय वं तो?"

पेला धरलेला माझा उजवा हात डोक्याच्या वर होता.