चार्जरचं बटण

आई गडाच्या पायथ्याशी, रोपवेजवळ, हिरकणीवाडीला पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवते. आमच्या नाते गावाहून तिथवर जायला मी नोकरी लागल्यावर तिला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. वर्षभराने पाचाडच्या पुढच्या चढावर गाडी बंद पडू लागली, तीही मीटरवर अर्धी बॅटरी दिसत असताना. आईने ती दोनदा भाकऱ्यांच्या डब्यासकट ढकलली. ती पोचेपर्यंत रोपवेला आलेली माणसं शेजारच्या स्टॉलवर खाऊन उठलेली असत.

येत्या रविवारी पुन्हा असं झालं तर गाडी विकायची आणि भरल्याशिवाय न सुटणाऱ्या जीपने जायचं, असं तिने सांगून टाकलं.

मी घरातली पहिली पदवीधर, पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे बॅटरी माझ्याकडे आली. बाबांनी मला शिकवलं ते याच दिवसासाठी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बॅटरीत सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचं व्होल्टेज मोबाइलवर पाहता येत होतं. एक सेल बाकीच्यांच्या बराच मागे होता. तो संपला की इतरांत वीज असूनही गाडी थांबायची. भरताना पुढचे सेल आधी भरतात. आतलं सर्किट त्यांच्यातली जास्तीची वीज हळूहळू जिरवतं आणि मागच्याला बरोबरीला येऊ देतं. पण हे काम अगदी शेवटी, बॅटरी भरत आल्यावर होतं. आमच्याकडे तो शेवट कधी आलाच नव्हता. बाबा छपरावरची टाकी सांडण्याआधी पंप बंद करतात. चार्जरही ते त्याच हिशेबाने बंद करायचे. रोज, न चुकता.

बॅटरी सांडत नाही, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. गुरुवारी चार्जर लावला, तेव्हा ते खुर्ची घेऊन बटणाशेजारी बसले.

"अहो, हात खाली ठेवा," आई म्हणाली. "पोरगी शिकलेली हाय."

"मी कुठं काय करतोय?"

"तेच करा."

गाडी शनिवारपर्यंत चार्जरलाच राहिली आणि मागचा सेल रेंगाळत इतरांजवळ आला.

रविवारी आई गेली. बाबा रिकाम्या चार्जरशेजारी बसून होते. तिचा फोन आला.

"पोचले गो. रोपवेची लाइन अजून लागली नाय. त्यांना म्हणावं, उठा आता."

बाबा उठले आणि त्यांनी चार्जरचं बटण बंद केलं. ते गुरुवारपासून चालूच होतं.