शिरपूरची गाडी सुटली तेव्हा

तीस वर्षं मी चर्चचा पाळक होतो. लोकांची मनातली दुखणी ऐकून घेतली — माझं एक मात्र तसंच राहिलं. बायकोलाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? नीटसं मलाही कळत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यात होतो. शहरातल्या चर्चखेरीज, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरची सात ख्रिस्ती कुटुंबं माझ्याकडे होती. पावसावरची ज्वारी, थोडा डिंक, मोहफुलं, बाकी मजुरी. चर्च नव्हतं, गुलाब नावाच्या एकाच्या अंगणात उपासना व्हायची.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरी तळाला गेल्या आणि दिवाळीच्या सुमारास पाड्यात हगवण-उलटीची साथ आली. गुलाब आणि त्याची बायको रेशमी — त्यांची दोन्ही मुलं एका आठवड्यात गेली. धाकट्याला बाप्तिस्मा मीच दिला होता.

दफनाला मी गेलो. तेव्हा गेलो होतो, हे खरं. वचन वाचलं, प्रार्थना केली. निघताना रेशमीनं विचारलं, "बाबा, देवले आमनंच घर का बरं दिसनं?"

"नाताळाला येतो, तेव्हा बोलू," मी म्हटलं.

काय बोलणार होतो मी?

नाताळच्या दिवशी शहरातली उपासना उरकून दुपारची एसटी धरायची, असं ठरलं होतं. त्या सकाळी उपदेशात मी आशेवर चांगला तासभर बोललो. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत — नाहीतर वाजल्या असत्या. मग बायकोनं पाड्यावरच्यांसाठी दिलेला करंज्यांचा डबा घेऊन स्टँडवर गेलो. शिरपूरची गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरनं घंटी मारली. मी बाकावर बसून पाहत राहिलो. तासाभरानं दुसरी आली. तीही जाऊ दिली.

साथीची भीती होती का? नाही, साथ केव्हाच ओसरली होती. भीती रेशमीची होती. ती पुन्हा तेच विचारील — आणि माझ्याजवळ काही नसेल. सकाळी एवढं बोललो त्यातलं काहीच तिच्यासमोर उभं राहिलं नसतं.

घरी येऊन सांगितलं, रास्ता रोको आहे, गाड्या बंद. डबा उघडला, मुलांबरोबर करंज्या खाल्ल्या, जरा पडलो. झोपही लागली.

चार दिवसांनी गुलाब दारात. पाळकबाबा आजारी तर नाहीत ना, हे बघायला आला होता. त्यालाही मी रास्ता रोकोच सांगितला.

"मंग बरं व्हयनं," तो म्हणाला. "आमले वाटनं, तुमले ताप शे."

मग त्यानं तिकडचं सांगितलं. दिवस कलला तरी मी आलो नाही, तशी मंडळी उठायला लागली. रेशमीनं सगळ्यांना बसवलं. "बठ्ठा जन बसा. पाळकबाबा नही उना ते काय व्हयनं? प्रभू ते उना शे ना!" तिला अक्षरओळख नव्हती. आठवेल तशी तिनं मरियेची गोष्ट सांगितली — जागा मिळेना, गोठ्यात बाळ झालं, आणि पुढे त्याच बाईनं तो मुलगा मरताना पाहिला. तरी गोष्ट तिथं संपली नाही, तिसऱ्या दिवशी तो उठला, असं म्हणाली. "आमना पोरे बी उठतीन." आणि शेजाऱ्यांची मुलं जवळ घेऊन तिनं त्यांना भाकरी वाढली.

गुलाब हे अगदी साधेपणानं सांगत होता. रेशमीला तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ते नसतानाही तिनं नाताळ केला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं काय म्हणायचं? पुढल्या नाताळाला मी ही हकिकत उपदेशात सांगितली — रास्ता रोकोसकट. बायकांनी डोळे पुसले. मग दरवर्षी सांगितली. दोंडाईचाला, जळगावला लोक मला त्यासाठी बोलवू लागले. त्यात मी पाड्याकडे जायला तळमळणारा पाळक होतो. हळूहळू तळमळीचं वर्णनही मला छान जमू लागलं.

नव्वदच्या दशकात, एका उन्हाळ्यात रेशमी वारली. मी पहिल्या गाडीनं गेलो. कबरेपाशी उभा राहून तीच हकिकत सांगितली, रास्ता रोकोही सोडला नाही. गुलाब हात जोडून ऐकत होता. मधेच मान हलवून दुजोराही देत होता. नंतर त्यानं मला आग्रहानं जेवायला बसवलं.

मी पोटभर जेवलो.