पाचवं कडवं गाळणार नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी तमिळ गाण्यांचं मराठी करतो म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, तमिळ कुठं शिकलात? बायकोकडून. चाळीसएक वर्षं ती माझ्याशी तमिळमध्ये भांडली. अक्षर एक वाचता येत नाही, पण शिव्या सगळ्या कळतात, आणि देवाची गाणीही.

तिचे वडील तमिळ मुलखातले, इगतपुरीला रेल्वेत होते. आमची फुलशेती मखमलाबादच्या अंगाला. मी इगतपुरीच्या बाजाराला शेवंती घेऊन जायचो, तिथं ती भेटली. लग्न करून आणली तेव्हा माझ्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "या घरात मराठीच बोलायचं." मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. ते माझं चुकलं, आणि चुकलं एवढं कळायला मला म्हातारा व्हावं लागलं.

घरात बंदी, म्हणून ती शेडमध्ये गायची, फुलं बांधताना. आम्ही हार सुईनं ओवतो. तिला सुई चालत नसे. दोन फुलं इकडं, दोन तिकडं, दोऱ्याचा फास टाक आणि ओढ. "फुलाच्या पोटात सुई कशाला खुपसायची?" म्हणायची. गाणी तिच्या आजोळच्या गावातल्या एका बाईची, फार जुन्या काळची. ही बाई देवालाच नवरा समजायची आणि नवऱ्याशी बोलावं तसंच त्याच्याशी बोलायची. पुस्तकात ती गाणी नाहीत. आईनं लेकीला द्यायची, माळ बांधता बांधता. रीत अशी की हातभर माळ झाली, कोपरापासून बोटांपर्यंत, की एक कडवं संपलं पाहिजे. एका गाण्याला पाच हात माळ, पाच कडवी.

"हे देवाचं गाणं आहे का भांडण?" मी विचारायचो.

"तुम्हाला काय कळतंय? दोन्ही एकच."

मराठीत ती मला अहो-जाहो करायची. शेडमध्ये तमिळमधून काय म्हणायची ते आईला कळत नव्हतं, हे बरं.

गेल्या वर्षी ती गेली. मुलीला तमिळचा एक शब्द येत नाही. मी गप्प बसलो त्याचं हे फळ. म्हणजे गाणी आता एकट्या माझ्या डोक्यात, आणि माझं वय हे असं. ठरवलं, तिच्या वर्षश्राद्धाला त्यातलं एक तरी, तिचं नेहमीचं, मराठीत म्हटलं गेलं पाहिजे, मुलीच्या कानावर पडलं पाहिजे. वही घेऊन बसलो तर ओळ आठवेना. आठ दिवस नुसता बसलो. मग उठून शेडमध्ये गेलो आणि दोरा घेतला. माझी बोटं जाड. फास सुटायचे, शेवंतीच्या मुंड्या तुटून पडायच्या. पण हातभर माळ झाली आणि पहिलं कडवं आपसूक तोंडात आलं. मग तसंच चाललं. बांधायचं, म्हणायचं, हात पुसून लिहायचं. दोन महिन्यांत पाचही आली.

आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे. एक रिटायर सर त्यांना शिकवतात. बायका भजनाला जमल्या होत्या तेव्हाच वही त्यांच्याकडे दिली. चार कडवी त्यांनी मान डोलवत वाचली. पाचव्याला चष्मा काढला. ते असं आहे:

दात पडले, छाती सुकली,
केसात माळ टिकत नाही.
तरणी होते तेव्हा कुठं होतास, मेल्या?
आता आलास तर बस,
मी कुठं उठून जाणार आहे!

"आबा, हे काय लिहिलंय? देवाला मेल्या?"

"मी नाही म्हणत. ती म्हणते."

"आणि छाती? बायका हे म्हणणार कशा?"

"बायकांना छाती नसते का, सर?"

मंडळातली एक म्हातारी पदर तोंडात घालून हसली. सर चिडले. म्हणाले, "भाव ठेवू, शब्द बदलू. 'देह झिजला तुझ्या चिंतनी' असं करू. नाहीतर हे कडवंच गाळू. चार पुरेत."

"तो उशिरा आला म्हणून तिला राग आलाय. तुमच्या ओळीत तो राग कुठं आहे? गाळायचं नाही."

"बघू," सर म्हणाले.

एक गोष्ट सरांना सांगितली नाही. शेवटचे सहा महिने बायकोला मी न्हाऊ घालत होतो. सुकलेल्या छातीला साबण मी लावलाय. पहिल्या दिवशी तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी हेच कडवं म्हणाली, आणि बोळक्या तोंडानं हसली. घरात, मोठ्यानं. शेडबाहेर तिला गाताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याला कुणी चिंतन म्हणू नये.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मंडळ आलं. मी तिच्या फोटोसमोर टोपली घेऊन बसलो आणि त्या गातील तशी माळ बांधत गेलो. चार हात झाली. टाळ थांबले. सरांनी आरतीचं ताट मागितलं. बायकांच्या हातातले झेरॉक्स कागद बघितले, तर त्यांवर चारच कडवी.

"थांबा," मी म्हटलं. "एक हात राहिलाय."

"आप्पा, राहू द्या ना," मुलगी कानाशी म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू दे. याच घरात एकदा गप्प बसलोय मी. आता नाय बसणार."

आधी तमिळमध्ये म्हटलं, मग मराठीत. माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. दोन फास सुटले, ते परत टाकले. 'मेल्या' आलं तशी ती म्हातारी पुन्हा हसली, या वेळी पदर न घेता. म्हणाली, "आबा, परत म्हणा, मला नीट घेऊ द्या." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मुलगी शेजारी येऊन बसली आणि टोपलीतली फुलं दोन-दोन करून माझ्या हातात देऊ लागली.

सर न जेवता गेले. त्यांचं पान वाढलेलं होतं. ते मी जेवलो.

वही माझ्याकडे आहे. कुणाला उतरवून घ्यायची असेल त्यानं यावं. पण घेतली तर पाचही घ्यायची.