बुटक्या भिंतींचे मिस्त्री

"एवढी भिंत होऊ दे, मग लिहितो," असं म्हणून आमचे मिस्त्री कानावरची पेन्सिल काढायचे आणि माझ्या अर्जाऐवजी लाकडावर रेघ मारायचे.

आखाती युद्धाचे दिवस. सौदीत हुफूफ गावाजवळ परदेशी इंजिनियरांसाठी लाकडी घरं बांधायचं काम चाललं होतं. जमीन उताराची, म्हणून काँक्रीटचा पाया कुठं उंच, कुठं खाली. त्याच्या आतल्या कडेनं लाकडी सांगाड्याच्या बुटक्या भिंती उभ्या करायच्या, माथे एका पातळीत आणायचे, मग त्यावर घराची जमीन. मिस्त्री रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे. मी सांगलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, त्यांच्या हाताखालचा.

युद्ध सुरू झालं आणि माझी झोप उडाली. इंग्रजीत अर्ज दिला की कंपनी घरी सोडत होती, पण गेलेल्याला परत घेणार नव्हती. मला इंग्रजी कुठलं? मिस्त्रींच्या कानावर सदा पेन्सिल, म्हणून त्यांनाच गळ घातली.

माझी पहिली भिंत तुम्ही बघायला हवी होती. सगळे उभे तुकडे मी एकाच मापाचे कापले.

"सांगली, अरे तुझी भिंत सलाम करतेय!" मिस्त्री पोट धरून हसले. "खालचं काँक्रीट सरळ आहे का रे? प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा."

मोजायला शिकलो. भीती मात्र जाईना.

एकदा भरदुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. आम्ही विषारी वायूच्या भीतीनं ओले टॉवेल तोंडाला लावून भिंतीआड आडवे झालो.

"मिस्त्री, ही तर नुसती काठ्यांची. आरपार दिसतंय की!"

"दिसू दे. भिंत ती भिंत. डोकं खाली घाल."

"आज अर्ज लिहा."

"एवढी होऊ दे."

अशा किती भिंती झाल्या! भोंगे बंद झाले, युद्ध संपलं, तोवर मी एकटा अख्खी खोली उभी करायला लागलो होतो. त्या हुन्नरावरच आजवर जगलो.

मग मिस्त्रींनीच कायमचं घरी जायचं ठरवलं. त्यांचा अर्ज ऑफिसातल्या कारकुनानं लिहिला. खाली मिस्त्रींनी अंगठा उठवला.

"तुम्हाला लिहिता येत नाही?"

"आकडे येतात, रेघ येते. बाकी काही नाही."

"मग मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतंस." त्यांनी अंगठ्याची शाई पुसली. "तू गेला असतास ना, तर दुसऱ्या दिवशी मीपण पळालो असतो रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपनीच्या गाडीतून गेले. दुपारी मी मागं न बघताच म्हणालो, "मिस्त्री, पट्टी धरा." धरायला कुणी नव्हतं. मग त्या लाकडी पट्टीचं एक टोक काँक्रीटला टेकवलं, दुसरं गुडघ्याखाली दाबलं आणि ठोकायला लागलो.