होळीत गेलेली घोडी

माझं लग्न झालं तेव्हा मी नांदेडच्या एका शाळेत रियाजी शिकवत होतो. रियाजी म्हणजे गणित. निजामाच्या राज्यात शाळेतलं शिकणं-शिकवणं उर्दूतून चाले, त्यामुळे त्रिकोणाचे कोन मला अजूनही आधी उर्दूत आठवतात आणि मागाहून मराठीत. त्या वर्षी दिवाळसणाला सासुरवाडीला जायचं राहून गेलं होतं. फाल्गुन लागला तसं सासऱ्यांचं पत्र आलं, होळीला तरी या, आठ दिवस राहा. बायको आधीच माहेरी गेली होती. मी आगगाडीनं परळी गाठली, तिथून मोटारीनं रेणापूर, आणि पुढं त्यांच्या बैलगाडीतून दोन कोस धूळ खात गावी पोचलो. शाळू निघाला होता, रानं उघडी पडली होती आणि ओढ्याकाठचा पळस फुलला होता.

नवा जावई पहिल्यांदा सणाला येतो तेव्हा तो सरळ चालत नाही. मीही चालत नव्हतो. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि उन्हानं जीव कासावीस झाला तरी गळ्याशी बटण लावलेलं. सासूबाईंनी पायावर पाणी घातलं, मेहुणीनं गूळ-पाणी दिलं. सगळं यथासांग झालं, एक सोडून. आमच्याकडं जावई जेवायला बसला की सासऱ्यानं स्वतःच्या हातानं तूप वाढायचं, नको नको म्हटलं तरी वाढायचं. सासरे माझ्यासमोर पाटावर बसले, तोंडानं आग्रह करत राहिले, पण उजवा हात उपरण्याखालून बाहेर काढला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तूप सासूबाई वाढत होत्या. मला ते लागलं. बायकोला मी म्हटलं, "तुझे वडील मोठे माणूस दिसतात. जावयाला वाढायला त्यांचा हात उचलत नाही."

ती म्हणाली, "तुम्ही त्यांचा हात बघितला का? दोन वर्सं झाली, थरथरून राहिलाय. पाण्याचा पेला धरला तरी निम्मा सांडतो. जावयाच्या ताटाबाहेर तूप सांडलं तर काय म्हणतील, म्हणून झाकून बसतात."

मला माझीच लाज वाटली. आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासता घासता तिनं उरलेलंही सांगितलं. घरात एक ठासणीची बंदूक होती, अख्ख्या गावात तेवढीच. परवाना पिकाच्या राखणीसाठी मिळालेला होता, तो सासऱ्यांच्या बापापासून त्या घरात होता. गावाच्या उसाला रानडुकरं लागली की बंदूक यांनी चालवायची, असा रिवाज. शिवाय धुळवडीच्या सकाळी गाव ऊस हाकून डुकरं उठवायचं आणि हे ओढ्याच्या उतारावर बसून नेम धरायचे. गेल्या धुळवडीला मोठा एकलगा, कळप सोडून एकटा फिरणारा डुक्कर बारा पावलांवरून गेला, गावानं उभं राहून बघितलं, आणि यांची गोळी पळसाच्या बुंध्यात गेली. त्या साली डुकरांनी निम्मा ऊस आडवा केला. पोलीस पाटलानं आता सरळ सांगितलं होतं: यंदाच्या धुळवडीला डुक्कर पडलं तर ठीक, नाहीतर परवाना समोरच्या घरातल्या, सासऱ्यांच्या चुलतभावाच्या नावावर करायचा कागद तहसिलीत जाणार. चुलतभावाचा नेम चांगला होता. वाईट काय ते एवढंच, की तो समोरच्या घरात राहत होता आणि भावकी होती. भावकीच्या दारात आपली बंदूक टांगलेली बघत उरलेलं आयुष्य ओसरीवर काढायचं, ही कल्पना सासऱ्यांना सोसवत नव्हती.

होळीला तीन दिवस होते. सासऱ्यांनी मला गोठ्यात बोलावलं. तिथं मोडक्या गाडीच्या फळ्या, बाभळीचे चार दांडके आणि एक जाड बेचकं पडलेलं होतं.

"बापू, तुमी रियाजी शिकवता," ते म्हणाले. "मला एक माप काढून द्या. मानूस बसला, बंदूक फुडं टेकली, तर टेका किती उंच पायजे? हात कापतोय. बंदुकीला हात लागायचाच न्हाई असं कायतरी करायचंय."

हात त्यांनी उपरण्याबाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. तो खरंच कापत होता, आपल्याच नादात. मी कोट काढून खुंटीला अडकवला.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोडतात. बायकोच्या शिवणकामाच्या दोऱ्यानं मी त्यांच्या खांद्याची उंची मापली, कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर कोन काढले, गुणाकार केले. सासरे ते भिंतीवरचं गिचमिड मोठ्या आदरानं बघायचे आणि मग आपल्या अंदाजानं दांडका कापायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, माझा हिशेब चुकायचा. पण त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही. म्हणायचे, "तुमच्या मापानंच बसलं बगा." बसायला फळीचा बाक, बाकाला पुढं जोडलेलं उभं बेचकं, बेचक्यात सरकी भरलेलं छोटं पोतं, आणि त्या पोत्यात दाबून बसवलेली बंदुकीची नळी. आम्ही तिला घोडी म्हणत होतो. सासूबाई येता-जाता विचारायच्या, घोडीला दाणा-वैरण घातली का.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही ती गाडीत घालून ओढ्यावर नेली. सासऱ्यांनी बंदुकीत दारू भरली, गोळी सोडली, गजानं ठासलं. ते करतानाही दारू सांडत होती, म्हणून दारू भरायचं तेवढं मी केलं. समोरच्या बांधावर एक फुटकं मडकं ठेवलं. पहिली गोळी मडक्याच्या खाली बांधात गेली. बेचक्याखाली चार बोटांची पाचर मारली आणि दुसऱ्या गोळीला मडक्याच्या खापऱ्या झाल्या. सासरे हसले. लग्नात हसले नव्हते इतके हसले. गाडीत बसून येताना त्यांचा हात उपरण्याबाहेर, मांडीवर होता आणि तो थरथरत होता तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. पोतं उंदरांनी कुरतडू नये म्हणून आत कोठीत ठेवलं आणि घोडी अंगणात, सरपणाच्या ढिगाशेजारी.

आता पुढची गोष्ट सांगताना मला आजही खाली बघावंसं वाटतं. होळीच्या दुपारी पुरणपोळी जेवून मी ओसरीवर लोडाला टेकलो होतो. सासरे डुकरांचे माग बघायला उसाकडं गेले होते, बायका आत आवरत होत्या. गावातली तरणी मंडळी होळीचं लाकूड गोळा करत आली. त्या गावात एक रीत होती. गावात नवा जावई आलेला असला तर होळीला पहिला मान त्याचा. त्याच्या तोंडून जे लाकूड मिळेल ते होळीच्या डोक्यावर चढवायचं. ते सगळे हात जोडून उभे राहिले. "बापू, होळीला काय देता?"

पोटात पुरण, अंगात जावईपण. मी डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत. अंगणाकडं हात केला आणि म्हटलं, "त्या ढिगातलं मोठं बघून घ्या." ओढत नेल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाभळीचा ओंडका असेल. मी कुशीवर वळून झोपलो.

संध्याकाळी देवळासमोर गेलो तेव्हा गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या रचाईवर, अगदी टोकाला, आमची घोडी चार पाय वर करून ठेवलेली होती. सासऱ्यांनीही त्याच वेळी बघितली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "मामा, मीच घ्या म्हणालो. मला वाटलं सरपण."

आमचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावानं ऐकलं. माणूस भावकीतला असला तरी वाईट नव्हता. तो म्हणाला, "दादा, काढून घ्या की. अजून पेटली न्हाई. कोन काय म्हनतंय?"

सासरे म्हणाले, "जावयानं दिलेलं हाय. आता माघारी घेतलं तर गावात त्यांच्या शब्दाला काय किंमत ऱ्हाईल?"

आणि होळी पेटली. सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, नारळ टाकले, पोरासोरांनी बोंबा मारल्या. सासऱ्यांनीही मारली, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मारली. मी दिलेलं लाकूड वरच्या वर पेटलं आणि त्याचं बेचकं सगळ्यांत शेवटी पडलं. मी त्या दिवसापर्यंत सासऱ्यांना मान देत होतो, रीत म्हणून. त्या संध्याकाळपासून माझा त्यांच्यावर जीव जडला.

धुळवडीच्या पहाटे ते बंदूक घेऊन निघाले तेव्हा मी कोठीतलं सरकीचं पोतं काखेत मारलं आणि मागोमाग गेलो. पूर्वेला उजाडत होतं. उतारावरच्या बांधाशी आम्ही दोघंच होतो. गाव उसापलीकडं हलग्या आणि पत्र्याचे डबे घेऊन उभं होतं, आणि थोड्या अंतरावर, पळसाखाली, पोलीस पाटील आणि चुलतभाऊ. बंदूक भरून झाली. सासरे बांधावर बसले, बंदूक उचलली, आणि नळीचं तोंड ओढ्यावर, आभाळावर, पुन्हा ओढ्यावर फिरायला लागलं.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन चिखलात मांडी घातली, पाठ त्यांच्याकडं करून. सरकीचं पोतं उजव्या खांद्यावर ठेवलं. म्हटलं, "ठेवा इथं."

ते म्हणाले, "उठा बापू. मांडवात मी तुमचे पाय धुतलेत. तुमाला चिखलात बसवून तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवू? लोक बगून राहिलेत."

"मामा, काल तुम्ही माझा शब्द राखला," मी म्हणालो. "आता उंचीचं माप तेवढं सांगा. वर होऊ का खाली?"

तेवढ्यात पलीकडं हलगी वाजली आणि हाका सुरू झाला. ऊस हलायला लागला. खांद्यावर नळी टेकली. तिच्यातून त्यांचा कंप माझ्या हाडात उतरत होता, दातांपर्यंत. मी श्वास धरला आणि दोन्ही हात जमिनीत रोवले. ते कानाशी हळूच म्हणाले, "जरा खाली." मी दोन बोटं खाली झालो. "हाव, बस." कंप पोत्यात जिरत गेला. गणित शिकवणाऱ्या माणसाला असं वाटलं, की मी आयुष्यात एकच माप बरोबर काढलं ते हे.

डुक्कर उसातून बाहेर पडलं, ओढ्याच्या पाण्यात उतरलं, आणि उताराला लागलं. वीस पावलं असतील. मग माझ्या उजव्या कानात जग फुटलं आणि समोर नुसता धूर. मी काहीच ऐकू शकत नव्हतो, फक्त माणसं पळताना दिसत होती आणि त्यांची तोंडं उघडी होती. धूर निवळला तेव्हा डुक्कर काठाशी पडलेलं होतं. त्या कानानं मला पुढं कधीच धड ऐकू आलं नाही. वर्गात मुलं त्या बाजूला बसून कुजबुजायची आणि मी त्यांना कुजबुजू द्यायचो.

पोलीस पाटील आले, सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, परवाना जिथं आहे तिथंच राहील. सासऱ्यांनी मान हलवली. मग बंदूक उचलली आणि चुलतभावाच्या हातात दिली. हे मी चांगल्या कानानं ऐकलं. ते म्हणाले, "कागद करा ह्याच्या नावानं. मी देऊन राहिलो. मला दर धुळवडीला जावई कुठला आनायचा?" चुलतभाऊ खाली वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला. त्यानंतर अजून दोन धुळवडी झाल्या आणि निजामाचं राज्यच गेलं. सासरे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले. समोरच्या भिंतीवरच्या बंदुकीकडं बघताना त्यांना मी कधी खिन्न पाहिलं नाही.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. रंगानं माखलेलो, मी तर चिखलानंही. कालच्या शिळ्या पुरणपोळ्या होत्या. सासूबाई तुपाची वाटी घेऊन माझ्या ताटाशी वाकल्या तेव्हा सासऱ्यांनी हात पुढं केला, उजवा, आणि वाटी मागितली. सासूबाई थांबल्या, बायको दारात थांबली. त्यांनी वाटी घेतली आणि माझ्या ताटावर धरली. तूप पोळीवर पडलं, वरणात पडलं, पाटावर पडलं, माझ्या मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही आणि हात झाकला नाही. वाटी रिकामी झाली. माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी ताट पुढं केलं आणि म्हटलं, "मामा, अजून वाढा."