रिंग आली, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि कन्फेशनला गुडघे टेकून फादरलाही नाही. तिथं मी राग सांगते, चुगल्या सांगते, उपासाच्या शुक्रवारी मटण खाल्लं तेही सांगते. एवढं एक सोडून. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असतात तर तुमच्यापुढेही हवापाण्याच्या गप्पाच मारल्या असत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बहरीनला होतो, नईम नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मी एका हॉस्पिटलात नर्स. माझा नवरा अंतोन हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. बस्त्याव हा अंतोनचा गाववाला — आम्ही सगळे वसईकडचेच — एसी मेकॅनिक, कंपनीच्या कॅम्पात राहायचा. बायको रेजीन आणि लहान मुलगी गावी. मला तो वहिनी म्हणायचा, मी त्याला भावजी.

आता या माणसाला वेड कसलं? तर होडीचं. घराणं मच्छीमाराचं, बाप दर्यावर वाढलेला. यानं अरादच्या किनाऱ्यावर उलटी पडलेली जुनी होडी कुणा अरब म्हाताऱ्याकडून घेतली, फटी बुजवल्या, शीड शिवलं. तिथले आपले लोक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, झोपतात नाहीतर सोन्याच्या दुकानांच्या काचांना नाक लावून फिरतात. हा चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की एकटा पाण्यात. एकटाच. अंतोनला एकदा नेलं होतं, तो पूर्णवेळ ओकत होता, म्हणून खलास.

मला हे आवडायचं का? नाही. स्पष्ट सांगते. बायकोपोर गावी वाट बघतंय आणि हा बाप्या शीड लावून हवा खातोय! पण त्यापेक्षा मला राग होता तो त्या रिंगेचा.

रिंग म्हणजे काय, ते सांगते. संध्याकाळी किनाऱ्याला लागला की भावजी तिथल्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, आमच्या घरी फोन लावायचा. दोनदा वाजवून ठेवून द्यायचा. आपण उचलायचा नाही. दुकानदाराचा फोन फुकट, आपलं काम फुकट — आपल्या लोकांची अक्कल! दोन रिंगा आल्या की समजायचं, माणूस जमिनीवर आला. सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली आणि रिंग नाही, तर अंतोननं कोस्टगार्डला कळवायचं. आणि अंतोनची शुक्रवारी ड्युटी लागली, की फोनपाशी कोण? मी. मी काय त्याची बायको होते? नाईट करून यायचं, डोळे मिटतायत, आणि कान मात्र त्या डबड्याकडे लावून पडायचं.

ऐकताय ना? मी अजून मुद्द्यावर आले नाही, मला कळतंय. येते.

त्या शुक्रवारी दुपारनंतर शमाल सुटला. उत्तरेचा वारा, धूळ घेऊन येतो, आभाळ पिवळं होतं. खिडक्या वाजत होत्या. मी नाईट करून आले होते. झोप लागते न लागते तोच फोन वाजला — राँग नंबर, कुणीतरी मल्याळी. पुन्हा डोळा लागला, पुन्हा तोच. मी उठले, आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवला.

झालं. एवढंच केलं मी. रिसीव्हर काढून ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं.

जाग आली तेव्हा बांग चालू होती. रिसीव्हर तसाच मेजावर पडलेला. मी तो जागेवर ठेवला. मनात म्हटलं, त्यानं लावला असेल, एंगेज लागला असेल, गेला असेल कॅम्पात. जातो कुठे? कॅम्पात फोन नव्हता. कोस्टगार्डला कळवायचं तर अंतोनला आधी सांगावं लागणार, की मी झोपले होते. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. अंतोन आत आला, बूट काढता काढता त्यानं विचारलं, "आली का गं रिंग?"

"आली," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "बांगेच्या जरा आधी आली. दोन, नेहमीसारख्या."

का म्हणाले? बोलणी टाळायला. दुसरं काही नाही. मोठं काही कारण असतं तर मला आज बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बस्त्याव कामावर आला नाही. कंपनीनं शोधलं, कॅम्पात नाही, किनाऱ्यावर होडी नाही. अंतोन ड्युटी टाकून कोस्टगार्डच्या ऑफिसात धावला. आणि तिथं त्यानं, देवाच्या माणसानं, प्रामाणिकपणे सांगितलं की काल संध्याकाळी तो परत आला होता, माझ्या बायकोनं रिंग ऐकली. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. माणूस संध्याकाळी जमिनीवर होता! मग समुद्रात कशाला शोधायचं? ते किनाऱ्यानं विचारत फिरले. कोल्ड स्टोअरवाला म्हणाला, शुक्रवारी शंभर लोक फोन लावतात, कोण आलं कोण नाही मला काय ठाऊक. खोल पाण्यात बोट गेली ती फार उशिरा, अंतोननं हातापाया पडून. काही मिळालं नाही. "मफी," एवढंच सांगितलं त्यांनी. नाही म्हणजे नाही.

त्या पहिल्या सकाळी मी बोलले असते तर? भावजी उलटलेल्या होडीला धरून असेल का तेव्हा? पोहणारा माणूस तो. मी नर्स आहे, माणूस किती तग धरतो हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न मी पुढे नेत नाही.

आणि मग सुरू झाल्या आपल्या लोकांच्या जिभा. मिस्सा संपली की चर्चबाहेर घोळके. होडी परत आली आणि पुन्हा गेली, म्हणजे गडी मुद्दाम गेला! आधी रिंग देऊन सगळ्यांना गाफील केलं, मग काळोखात निघाला. कुणी म्हणे इराणला गेला. कुणी म्हणे कतारला, तिथं एक बाई आहे. कुणी म्हणे कंपनीशी वाजलं होतं. काल त्याच्या हातची तळलेली मासळी चाटून खाणारे लोक हे! उचलली जीभ लावली टाळ्याला. कंपनीनं तर त्याला पळालेला म्हणून जाहीरच करून टाकलं. पळालेल्याच्या बायकोला कुठली कंपनी काय देते?

आणि प्रत्येकाचा अंदाज टेकलेला कशावर? माझ्या रिंगेवर. ती एक काढली असती तर राहिलं काय असतं? वाऱ्यात एकटा माणूस बुडाला. बस. लोक रडले असते, घरी गेले असते.

मी तेव्हा काय केलं, विचारा. मी त्या घोळक्यात उभी होते. हातात समोसा. एकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं गं, फिलू? तुमच्या घरी यायचा ना तो?" आणि मी म्हणाले, "पुरुषांचं काय सांगावं, बाई."

रिसीव्हर काढला ती झोप होती. अंतोनला बोलले तो भित्रेपणा. पण हे? याला मला अजून शब्द सापडलेला नाही. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, की मी बोलले असते तर अंतोन पोलिसांपुढे खोटा पडला असता, व्हिसा गेला असता, दोघांना विमानात बसवून दिलं असतं. खरं असेलही. पण समोसा खाताना माझ्या मनात व्हिसा नव्हता.

रेजीननं गावाहून फोन केला. एसटीडीच्या बूथमधून, मागं रांगेतल्यांचा कालवा. ती रडत नव्हती. फक्त विचारत होती, "फिलू, तू स्वतः ऐकलीस ना रिंग? तुझ्या कानांनी?"

"ऐकली," मी म्हणाले.

"मग तो जिवंत आहे," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "मग तो मला टाकून गेला."

दोन्ही मीच दिलं तिला. एका शब्दात.

तिनं काळं नेसलं नाही. मयताची मिस्सा सांगितली नाही — जमिनीवर सुखरूप आलेला माणूस मेला कसा म्हणायचा? सासू म्हणायची, हिच्याच तोंडाला कंटाळून गेला. नोव्हेंबरात सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातं, तेव्हा ही दार लावून घरात बसायची. माझ्या आईनं मला हे सगळं सुट्टीत जेवताना सांगितलं, आणि मी ताटातला भात संपवला.

पुढे आम्ही कायमचे गावी आलो. भावजीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा रेजीन आमच्याकडे आली. अंतोनला म्हणाली, "तुम्ही त्यांचे दोस्त, पोरीला वेदीपर्यंत तुम्हीच न्या." पत्रिकेत बापाचं नाव छापलेलं नव्हतं. नावाआधी कैलासवासी लिहायचं की नाही, हे घरात कुणाला ठरवता आलं नाही, म्हणून नावच गाळलं. अंतोन ढसाढसा रडला. मी चहा टाकला.

लग्नात मी पुढच्या बाकावर होते, नव्या साडीत. पोरगी बापासारखीच दिसते, उंच, रुंद खांद्यांची. निघताना रेजीननं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तो कुठंतरी ऐकत असेल गं. पोरीचं लग्न झालं, हे तरी कळलं असेल ना त्याला?"

मी म्हणाले, "कळलं असेल."

अंतोन आता नाही. म्हणजे तो खोटा पडेल ही सबबही गेली. रेजीन आहे. तिचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, सकाळी ती अंगण झाडते तो आवाज मला इथं ऐकू येतो. आजही आला. मी उठून खिडकी लावून घेतली.