माहेरच्या नावाचा निकाल

विद्यापीठातले जुने निकाल संगणकावर चढवायचं काम आमच्या विभागाकडे आलं होतं. रजिस्टरची पानं स्कॅन करताना हजारो नावं डोळ्यांपुढून ढगांसारखी सरकत जायची. ही मुलं आता कुठं असतील, असं मनात येईपर्यंत पान उलटलेलं असायचं.

एका दुपारी खिडकीशी एक बाई आल्या. केस पिकलेले, खांद्याला नातीचं दप्तर.

"जुने निकाल आता कम्प्युटरवर दिसतात म्हणे," त्या म्हणाल्या.

बी.ए.ची शेवटची परीक्षा दिली आणि निकालाआधीच त्यांचं लग्न झालं. सासर लांबचं. निकाल कुणी आणला नाही, त्यांनीही कधी विचारला नाही.

"नाव सांगा."

माहेरचं नाव त्यांनी हळूच उच्चारलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी शोधलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. नावापुढं लिहिलं होतं, 'उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी'.

खिडकीतल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. मला वाटलं, ती वीस वर्षांची मुलगी इतकी वर्षं त्या पानावर पास होऊन बसलेली होती, आणि या मात्र संसारभर नापास झाल्यासारख्या वावरल्या.

"प्रिंट काढू?"

"काढा. पण आधी जरा बघू द्या."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मागं रांगेत चार-पाच मुलं उभी होती. कुणीच घाई केली नाही.